पाच तक्रारींचा नियम

नको असलेले जाहिरातीचे फोन आणि मेसेज रोखण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ‘ट्राय’चे, 2018 सालचे नियम आहेत. 12 फेब्रुवारी 2025 रोजी त्यांत दुरुस्ती झाली. नोंदणी न करता असे फोन करणाऱ्या नंबरवर कारवाई व्हायला आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या. आता दहा दिवसांत पाच पुरतात. फोन आल्यावर तक्रार करायला तीन दिवसांची मुदत होती, ती सात दिवसांची झाली. मोबाइल कंपनीला कारवाईसाठी 30 दिवस मिळत होते, तिथे आता 5 मिळतात.

तक्रार करणाऱ्याला यातून काय मिळतं? पैशांत मोजावं असं काहीच नाही. भरपाई नाही, माफीचं पत्र नाही. 1909 वर किंवा ट्रायच्या ॲपवर त्यानं तक्रार टाकली, पोचपावती आली, संपलं. सोलापुरात कुणीतरी पहिली तक्रार करतो, पनवेलला दुसरी होते, पाचवी कदाचित भोपाळमधून येते. या पाच जणांना एकमेकांचा पत्ता नसतो. पण पाचवी नोंदली गेली की आधीच्या चारांनाही वजन येतं आणि त्या नंबरवर कारवाई करणं कंपनीला भाग पडतं. एकट्याच्या तक्रारीवर काही झालं नाही म्हणून ती वाया गेली, असं इथे म्हणता येत नाही.

ग्राहकाची तक्रार म्हणजे नेमकं काय, हे या छोट्या नियमाला समजलं आहे. आपल्या बहुतेक नियामक संस्थांच्या कारभाराला मात्र ते अजून समजलेलं नाही. तिथे तक्रार म्हणजे एका माणसाचं गाऱ्हाणं. ते ऐकायचं, कंपनीकडून उत्तर मागवायचं, जमलं तर पैसे परत मिळवून द्यायचे आणि प्रकरण निकाली काढायचं. वर्षअखेरीला अहवालात किती आली आणि किती निकाली निघाली याचा तक्ता येतो. निकालाची टक्केवारी नव्वदीच्या पुढे असली की सगळे समाधानी. पण तीच तक्रार पुढच्या वर्षी पुन्हा का आली, हे त्या तक्त्याला विचारता येत नाही.

ग्राहकाचं सगळ्यात मोठं नुकसान अनेकदा सगळ्यात लहान रकमांत होतं. मोबाइलवर न मागितलेली कॉलर ट्यून किंवा क्रिकेटचे मेसेज सुरू व्हायचे आणि बॅलन्समधून तीस-चाळीस रुपये जायचे, तो काळ बहुतेकांना आठवत असेल. तीस रुपयांसाठी ग्राहक आयोगात कोण जाईल? रजा टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर एसटीचं भाडंच त्याहून जास्त. म्हणजे एकट्याच्या हिशेबात गप्प बसणं हाच शहाणपणा. पण तेच तीस रुपये लाखो लोकांच्या खात्यांतून गेले की ती रक्कम कोट्यवधींची होते, आणि ती पाहू शकणारी एकच जागा उरते, ती म्हणजे नियामक. 2013 साली ट्रायनं अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती बंधनकारक केली आणि सेवा बंद करण्यासाठी सामायिक क्रमांक द्यायला लावला. एकेका ग्राहकाला तीस रुपये परत मिळवून देत बसण्यापेक्षा या एका आदेशाचं काम कितीतरी मोठं होतं.

गंमत म्हणजे हाच ट्राय एकट्या ग्राहकाचं भांडण स्वतः सोडवत नाही. त्याच्या 2012 च्या नियमांनुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचं, तिथे समाधान झालं नाही तर अपील प्राधिकाऱ्याकडे, आणि तो अपील प्राधिकारीही कंपनीचाच. त्यापुढे जायचं तर ग्राहक आयोग. पण 2009 साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानं टेलिफोनच्या तक्रारींना तोही दरवाजा बंद झाल्यासारखं झालं होतं. जुन्या टेलिग्राफ कायद्यातल्या लवादाच्या कलमाचा त्याला आधार होता. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच खासगी मोबाइल कंपन्यांच्या बाबतीत ग्राहक आयोगांना अधिकार असल्याचं स्पष्ट केलं. मधली तेरा वर्षं ज्या ज्या आयोगात ‘आमच्याकडे येत नाही’ असं ऐकायला मिळालं, तिथून हात हलवत परतलेल्या ग्राहकांचा हिशेब कुणाच्याच अहवालात नाही.

रिझर्व्ह बँकेचं चित्र यापेक्षा बरंच चांगलं आहे, म्हणूनच त्याकडे बारकाईनं पाहायला हवं. बँकिंग लोकपाल योजना 1995 पासून आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये बँका, बिगर-बँक वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्या तीन वेगळ्या योजना एकत्र करून ‘एकात्मिक लोकपाल योजना’ आली. आपला लोकपाल कोणत्या शहरात बसतो हे शोधण्याची गरज संपली. चंदीगडच्या केंद्रात टपालानं किंवा ईमेलनं तक्रार पाठवता येते, आणि ती कोणत्याही भाषेत चालते. जळगावच्या शेतकऱ्यानं साध्या कागदावर मराठीत लिहिलेलं पत्र तिथे स्वीकारलं जावं, अशी ही व्यवस्था आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार चालतच नाही, वकील स्वतःच पीडित ग्राहक असेल तर गोष्ट वेगळी. मुख्य अट अशी की आधी बँकेला लेखी कळवायचं आणि तीस दिवस वाट पाहायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे जायचं. 2021 च्या या योजनेनं लोकपालाला वीस लाखांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दिला, शिवाय मनस्तापासाठी एक लाखापर्यंत.

त्याहून महत्त्वाचं आहे 6 जुलै 2017 चं परिपत्रक. खात्यातून कुणीतरी परस्पर पैसे काढले, त्यात ग्राहकाची चूक नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी घोटाळा केला, आणि ग्राहकानं बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. बँकेनं दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत प्रकरण संपवायचं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर. हे परिपत्रक प्रत्येक शाखेच्या काउंटरवर मोठ्या अक्षरांत, मराठीत, लावलेलं असायला हवं. पैसे गेल्याचं सांगत घाबरून आलेल्या माणसाला ‘आधी सायबर पोलिसांकडे जा’ एवढंच सांगून परत पाठवलं जातं, तेव्हा तीन दिवसांतला एक दिवस तिथेच गळतो.

आता लोकपाल योजनेची दुसरी बाजू. 2021 च्या योजनेतल्या सोळाव्या कलमानुसार ‘सेवेत त्रुटी नाही’ असं लोकपालाचं मत झालं, तर तक्रार फेटाळता येते. कागदपत्रांचा फार खोल विचार लागेल किंवा ग्राहकाचं काही नुकसानच झालं नाही, अशा काही कारणांनी फेटाळलेल्या तक्रारीवर अपील करता येतं. पण सतराव्या कलमातली अपिलाची यादी वाचली, तर ‘त्रुटी नाही’ हे कारण त्यात सापडत नाही. म्हणजे प्रकरणाचा गाभा जिथे ठरतो, त्याच मुद्द्यावर रिझर्व्ह बँकेत वरच्या दारी जाता येत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो हे खरं. पण जो माणूस फुकट आणि वकिलाशिवाय दाद मिळेल म्हणून आला होता, त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला सांगणं न्याय्य म्हणता येणार नाही. ही तरतूद बदलायला हवी.

आणि समजा तक्रार फेटाळली गेली नाही, पैसेही परत मिळाले. मुदत ठेवीसाठी बँकेत गेलेल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या हाती विम्याची पॉलिसी ठेवली गेली. दरवर्षी हप्ता भरायचा आहे हे तिला दुसऱ्या वर्षी कळलं. हा प्रकार इतका सर्रास आहे की बँकेत पासबुक भरायच्या रांगेत उभं राहिलं तरी असा एखादा अनुभव कानावर पडतो. तिनं तक्रार केली, बँकेनं पटकन पैसे परत करून टाकले, प्रकरण ‘समाधानानं’ मिटलं. बँकेच्या दृष्टीनं हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. शंभरातल्या दोघी तक्रार करणार, त्यांना परत द्यायचं; उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणींचं कमिशन हातात राहतं. शाखेला दिलेलं विमाविक्रीचं लक्ष्य जसंच्या तसं, कर्मचाऱ्यावरचा दबावही तसाच. एकेक तक्रार सोडवणारी यंत्रणा अशा वेळी नकळत कंपनीचीच सोय करते: जो ओरडतो त्याला शांत करते आणि धंदा चालू राहतो.

विम्याच्या बाबतीत तर जबाबदारीही वाटली गेली आहे. पॉलिसी विकते बँक, तिच्यावर देखरेख रिझर्व्ह बँकेची. पॉलिसी असते विमा कंपनीची, तिच्यावर देखरेख विमा नियामकाची. त्याचं ‘बीमा भरोसा’ हे पोर्टल वेगळं, विमा लोकपाल वेगळा. पॉलिसी पसंत नसेल तर 2024 पासून तीस दिवसांत परत करता येते, ही चांगली सोय झाली. पण एकाच फसवणुकीच्या तक्रारी अशा दोन-तीन टोपल्यांत विखुरल्या की त्या एकत्र मोजायच्या कुणी?

तक्रारी एकत्र वाचल्या तर काय होऊ शकतं, याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, पार्किंगबद्दल तक्रारी येत होत्या. घर घेताना गाडीची जागा मिळाली, पण ताबा मिळाल्यावर कळलं की मध्ये बीम येतो. कुठे जागा इतकी अरुंद की गाडी लावली तर दार उघडत नाही. कुठे मोठी गाडी आत वळतच नाही. प्रत्येक तक्रार स्वतंत्रपणे चालवली असती तर एकाला दोन लाख, दुसऱ्याला काहीच नाही, असं वर्षानुवर्षं चाललं असतं. एप्रिल 2024 मध्ये महारेरानं आदेश काढला: पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची, इमारतीतली नेमकी जागा, हे सगळं वाटपपत्रात आणि विक्री करारात जोडपत्र म्हणून द्यायचं. ज्यांच्या गाड्या बीमखाली अडकल्या त्यांच्या तक्रारींमुळे, ज्यांनी अजून घर शोधायलाही सुरुवात केलेली नाही त्यांना संरक्षण मिळालं.

महारेराचं सगळंच असं गोड नाही. रेरा कायद्यानुसार ताबा लांबला तर बिल्डरनं व्याज द्यायचं; तसे आदेशही निघतात. बिल्डरनं पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली व्हावी म्हणून. तिथे तलाठी आणि तहसीलदारांच्या कामांच्या गर्दीत ते पडून राहतं. पाच हजार रुपये शुल्क भरून, सुनावण्या करून, जिंकून ग्राहक पुन्हा एका सरकारी कचेरीच्या बाकावर येऊन बसतो. निकालाच्या आकड्यांत हे प्रकरण कधीच ‘झालं’ म्हणून मोजलेलं असतं. पैसे हातात पडेपर्यंत तक्रार उघडी मानायची, एवढा एक बदल केला तरी अहवालांचा चेहरा बदलेल.

तक्रारीची आणखी एक जात आहे, जिची आठवण आजच्या ॲप आणि पोर्टलच्या काळात पुसट होत चालली आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग 1999 साली स्थापन झाला आणि दर ठरवण्याआधी जनसुनावणी घेण्याची पद्धत सुरू झाली. कुणीही लेखी हरकत द्यावी, उभं राहून बोलावं. पहिल्याच दरनिश्चितीच्या वेळी पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी वीज मंडळाचे आकडे उलगडून पाहिले. शेतीपंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर आकारलं जायचं. त्यामुळे जी वीज कुठेच सापडायची नाही ती शेतीच्या नावावर लिहिता यायची, आणि गळती कमी दिसायची. सुनावणीत हा हिशेब उघडा पडला. सांगितली जात होती त्यापेक्षा गळती कितीतरी मोठी निघाली. माझं बिल जास्त आलं, ही तक्रार घेऊन ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं, त्यापुढे मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे. पण माझं बिल ज्या दरानं आलं तो दरच चुकीच्या हिशेबावर उभा आहे, ही तक्रार करण्याची जागा म्हणजे जनसुनावणी. त्यासाठी हजारो पानांच्या याचिका वाचणारी माणसं लागतात, आणि अशी माणसं तयार करण्याचं काम या राज्यात ग्राहक संघटनांनी पदरमोड करून केलं आहे. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात सुरू केलेली ग्राहक पंचायत आणि पुढच्याच वर्षी उभी राहिलेली मुंबई ग्राहक पंचायत, ही देशात ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या दशकभर आधीची गोष्ट आहे.

अमेरिकेनं एक वेगळी वाट धरली होती. 2008 च्या आर्थिक पडझडीनंतर तिथे ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला. 2012 पासून त्यानं बँकांविरुद्धच्या तक्रारी सर्वांना पाहता येतील अशा उघड केल्या, बँकेच्या नावासह. 2015 पासून तक्रारदाराची संमती असेल तर नावगाव काढून त्याची हकीकतही. एखाद्या बँकेविरुद्ध कोणत्या महिन्यात, कोणत्या राज्यातून, कशाबद्दल ओरड वाढली, हे पत्रकार, संशोधक, प्रतिस्पर्धी बँका, कुणीही शोधू शकतं. बँकांनी याला कडाडून विरोध केला: तक्रार खरी की खोटी हे न तपासता नाव उघड करणं अन्यायाचं आहे. 2025 पासून तर त्या विभागाचेच पंख छाटण्याचे प्रयत्न चालू आहेत. बँकांच्या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. एकेक तक्रार खोटी असू शकते. पण एकाच शाखेतून, एकाच योजनेबद्दल, एकमेकांना न ओळखणारी दोनशे माणसं एकाच महिन्यात तीच खोटी हकीकत रचतील, हे पटण्यासारखं नाही. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2021 मध्ये बँकांना वार्षिक अहवालात तक्रारींची माहिती देणं बंधनकारक केलं आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रारी तुलनेनं जास्त, त्यांच्याकडून निवारणाचा खर्च वसूल करण्याची तरतूद केली. दिशा योग्य आहे. पण दोनशे पानी वार्षिक अहवालाच्या टिपणांत दडलेला आकडा आणि कुणालाही शोधता येणारी नोंद यांत फार अंतर आहे.

तक्रारींवर विसंबण्यात एक खरा धोका आहे आणि तो बँकांच्या आक्षेपापेक्षा गंभीर आहे. तक्रार कोण करतं? ज्याच्याकडे वेळ आहे, कागद जपून ठेवण्याची सवय आहे, साहेबासमोर बोलायची भीड नाही. म्हणून लोकपालाकडे येणाऱ्या तक्रारींत महानगरं आणि शहरं पुढे असतात. मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीवर बचतगटाच्या ओळखीतून छोटं कर्ज घेतलेल्या बाईच्या दारात वसुलीचा माणूस रात्री आठ वाजता बसून राहतो. मार्च 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं सूक्ष्म कर्जांसाठी दिलेल्या निर्देशांनुसार सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला वसुलीसाठी फोन करायलाही मनाई आहे, आणि घरच्या सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. तक्रार केली तर पुढचं कर्ज मिळणार नाही आणि गटातल्या बाकीच्या बायका नाराज होतील, एवढं मात्र तिला पक्कं माहीत असतं. तिच्या गावातून तक्रार नाही म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे, असं मानणारा नियामक आपलं काम करत नाही. ज्या तालुक्यांत कर्जं भरपूर आणि तक्रारी शून्य, तिथे त्यानं आपणहून माणूस पाठवला पाहिजे.

असं आपणहून पाऊल उचलण्याची कायदेशीर सोय नाही असं नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला आणि त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं. त्याचा अधिकारच मुळी अनेक ग्राहकांच्या सामायिक हितावर आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये या प्राधिकरणानं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरच्या तक्रारी पाहून ओला या टॅक्सीसेवा कंपनीला आदेश दिला की परताव्याचे पैसे बँक खात्यात हवेत की कूपनच्या रूपात, हे ग्राहकाला निवडू द्या. 1915 हा या हेल्पलाइनचा क्रमांक. मराठीसह सतरा भाषांत तिथे बोलता येतं. हेल्पलाइनला स्वतःला कुणाला सक्ती करता येत नाही, कंपनीनं ऐकलं तर ऐकलं. पण तिथे साचलेल्या तक्रारी प्राधिकरणानं वाचल्या, तेव्हा सक्तीचा आदेश निघाला.

म्हणून तक्रार लिहिणाऱ्यानंही आपल्या हातात काय आहे ते ओळखून लिहावं. व्यवहाराची तारीख, रक्कम, शाखा किंवा प्रकल्पाचा क्रमांक, कुणी काय सांगितलं, त्याचा कागद कोणता, नेमकं काय हवं, आणि हेच इतरांच्या बाबतीतही घडल्याचं माहीत असेल तर तेही. संताप समजण्यासारखा असतो, पण दोन पानं संतापाची आणि तारीख एकही नाही, अशी तक्रार मोजणीत धरता येत नाही. पैसे परत मिळाले तरी ‘समाधान झालं’ असं लिहून देताना मूळ प्रकार चालू आहे हे एका ओळीत नोंदवून ठेवावं. ती ओळ कुणाच्या तरी पाचव्या तक्रारीशी जोडली जाऊ शकते.

आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं सतरावं कलमही लक्षात ठेवावं. अनेक ग्राहकांच्या हिताला बाधा आणणाऱ्या प्रकाराची तक्रार लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. म्हणजे मराठवाड्यातल्या त्या बाईसाठी दिल्ली, मुंबई किंवा चंदीगड गाठण्याची गरज नाही. गटातल्या चौघींनी मिळून सही केलेला एक कागद जिल्ह्याच्या ठिकाणी पोचला तरी पुरे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयानं या कलमाखाली वर्षभरात किती अर्ज आले, त्यांतले किती पुढे पाठवले आणि त्यांतून कोणता प्रकार थांबला, हे फलकावर लावावं. शून्य अर्ज आले असतील तर तेही लावावं, आणि अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा ते त्याखाली लिहावं.